एक अणू कमी

परवा भाचीचा फोन आला. पीएचडीचं पहिलं वर्ष, विषय ग्राफाइटचा पृष्ठभाग. आवाज रडवेला. "मामा, चाळीस स्कॅनपैकी अकरात डाग आहेत. सर म्हणतात, ते काढून टाक, स्वच्छ तेवढेच पेपरात दे."

तांदळातले खडे आपण निवडून टाकतोच की. पण इथे मला ते पटलं नाही.

ग्राफाइटच्या थरात प्रत्येक कार्बनला तीन शेजारी. तीन इलेक्ट्रॉन त्या तीन बंधांत गुंतलेले, चौथा थरभर हिंडणारा. आता मधला एक अणू काढा. शेजाऱ्यांचे हात मोकळे पडतात आणि हिंडणारे इलेक्ट्रॉन त्या भोकाभोवती रेंगाळायला लागतात. माद्रिदच्या संशोधकांनी आयनांचा मारा करून अशी भोकं मुद्दाम पाडली, स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपची सुई एकेका भोकावर नेली आणि २०१० मध्ये निष्कर्ष छापले. भोकापाशी, फर्मी पातळीजवळ, अणकुचीदार शिखर! असं शिखर चुंबकत्वाकडे बोट दाखवतं. पेन्सिलीतल्या ग्राफाइटमध्ये, एक अणू कमी पडला म्हणून. आजही वाचताना मला गंमत वाटते.

सरांचं अगदीच चूक नाही हो (जीभ चावून लिहितोय). २००८ मध्ये कोलंबिया विद्यापीठात ग्राफीन अधांतरी ताणलं, तरी सुरुवातीला फारसा फरक पडला नाही. मग त्यातूनच वीजप्रवाह सोडून ते तापवलं, वरची घाण उडाली, आणि इलेक्ट्रॉनची चलता २,००,००० चौ. सेंमी प्रति व्होल्ट-सेकंदाच्या वर गेली. सिलिकॉन ऑक्साइडवरच्या नमुन्यांत ती सहसा २०,०००च्या आतच असायची. म्हणजे घाण ही घाणच. पण डाग घाणीचा की अणूच्या जागेचा, हे न बघताच पुसायचा?

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मीही असे आलेख 'नमुना खराब' म्हणून फाडले होते. त्यात काही होतं असं मुळीच म्हणत नाही. पण आता बघायची सोय नाही, हे मात्र खुपतं.

तिला म्हटलं, तीच जागा पुन्हा स्कॅन कर. डाग हलला तर घाण समज. जागेवर राहिला आणि भोवती तीन दिशांना लहरींची नक्षी दिसली, तर तो ठेव.

काल मेसेज आला: अकरापैकी आठ हलले. तीन तिथेच आहेत. सरांशी मीटिंग सोमवारी.