भोंगा ऐकलेली माणसे

'दादर टी.टी.'ला उतरणाऱ्या एखाद्या तरुणाला या दोन अक्षरांचा अर्थ विचारून पाहावा. बहुतेक जण गोंधळतात. ते 'ट्राम टर्मिनस' आहे. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम आली आणि नव्वद वर्षांचा एक अध्याय संपला. नाव तेवढे लोकांच्या तोंडी राहिले आणि आता त्या नावाचा अर्थही पुसला जात आहे.

महाराष्ट्राला व्याख्यानमालांचे वेड जुने आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने पुण्यात १८७५ मध्ये सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेपासून ही परंपरा चालत आली आहे. मुंबई-ठाण्याच्या उपनगरांतही थंडी पडू लागली की सभागृहे भरू लागतात. विषय ठरलेले असतात: शिवचरित्र, संतवाङ्मय, स्वातंत्र्यसंग्राम, अलीकडे त्यांत 'यशाची गुरुकिल्ली' छापाच्या भाषणांची भर पडली आहे. शिवचरित्राला पर्याय नाही आणि आम्हाला तो नकोही आहे. परंतु ज्या शहरात बसून आपण ही व्याख्याने ऐकतो, ते शहर ज्या गिरण्यांनी, गोदीने आणि आगगाडीने उभे केले, त्यांच्यासाठी या मालांत एकही संध्याकाळ का नसावी? राष्ट्रीय विचारांच्या मंडळींनी चालविलेल्या व्याख्यानमालाही याला अपवाद नाहीत, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

ही संध्याकाळ रिकामी राहते, तेव्हा तेथे दुसऱ्यांनी रचलेली कथा येऊन बसते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, ही तारीख शाळकरी मुलालाही पाठ असते आणि तिच्याबरोबर 'इंग्रजांनी आपल्याला रेल्वे दिली' हे वाक्यही. पण त्या रेल्वेसाठी खटपट करणाऱ्यांत नाना शंकरशेट अग्रभागी होते, हे किती घरांत सांगितले जाते? विलायतेतील भागधारकांना पाच टक्के व्याजाची हमी दिली गेली आणि त्या हमीचा भार हिंदुस्थानच्या तिजोरीवर, म्हणजे येथल्या रयतेवर पडला. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ मध्ये खुला झाला, त्याआधी पटकीने, तापाने आणि सुरुंगांनी हजारो मजुरांचे बळी घेतले होते. दानाची किंमत दान घेणाऱ्यानेच चुकती करावी, असे हे अजब दान! पुण्याच्या गाडीत बसून बोगदे मोजणाऱ्या प्रवाशाला हे कोणीतरी सांगायला नको काय?

गिरण्यांचीही तीच गत. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत कापडगिरणीची कंपनी काढली, ती एतद्देशीयांच्या भांडवलावर. पुढे कोकण आणि घाट रिकामे करून माणसे परळ-लालबागच्या गाळ्यांत आली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी या कामगारांसाठी झगडून १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळविली, जी आज आपण सारे निर्धास्तपणे उपभोगतो. जुलै १९०८ मध्ये लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा हेच कामगार सहा दिवस गिरण्या बंद ठेवून रस्त्यावर उतरले आणि त्यांनी छातीवर गोळ्या झेलल्या. या संपाची दखल लेनिनने घेतली. लोकमान्यांचा वारसा सांगणाऱ्या आपण ती किती घेतली? गिरणगावचा इतिहास डाव्यांनी आपल्या रंगात रंगविला, अशी तक्रार आपण वारंवार करतो. ज्यांनी तो लिहिलाच नाही, त्यांना तशी तक्रार करण्याचा अधिकार कितपत आहे? चाळीचा गणपती, भजनी मंडळे, आखाडे, खानावळी चालवून संसार तोलणाऱ्या बाया हे सारे त्या इतिहासात यायचे, तर कोणीतरी ते सांगितले पाहिजे.

आणि सांगताना गैरसोयीचे वगळू नये. साचेखात्यात नवी कांडी बसविली की धाग्याचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, एवढ्या कारणावरून अस्पृश्य मानलेल्या बांधवांना चांगल्या मजुरीच्या त्या खात्यात शिरू दिले जात नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न धसास लावण्याचा प्रयत्न केला. हा अन्याय इंग्रजांचा नव्हता, मालकांचाही केवळ नव्हता. शेजारच्या साच्यावर उभ्या असलेल्या आपल्याच माणसांचा होता. समरसतेच्या गोष्टी करणाऱ्यांनी हा धोटा एकदा हातात धरून पाहावा.

घाई एवढ्यासाठी की वेळ उरलेला नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्या दिवशी पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीच्या घरात आहे. फिनिक्स मिलच्या जागी मॉल आला, कमला मिलमध्ये कार्यालये आली. गिरण्यांच्या जमिनीसंबंधीचा नियम २००१ मध्ये बदलला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्यावर शिक्कामोर्तब झाले. जमिनीचा तंटा त्याच्या गतीने चालेल. पण जॉबरची मर्जी, बदलीवाल्याची पहाटेची रांग, तिसऱ्या पाळीनंतरची झोप यांची दफ्तरे कोणत्याही कचेरीत नाहीत. ती या म्हाताऱ्या माणसांपाशी आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये डिझेलवर चालणारी जुनी दुमजली बस निवृत्त झाली, तेव्हा लोकांनी तिला सजवून निरोप दिला. मुंबईकराला आस्था नाही, असे म्हणता येणार नाही. तिला व्यासपीठ मात्र नाही.

यासाठी मोठा निधी लागत नाही आणि सरकारी समितीही लागत नाही. यंदाच्या व्याख्यानमालेच्या पत्रिकेत एक संध्याकाळ राखून ठेवावी. नामवंत वक्त्याऐवजी निवृत्त साचेवाला, इंजिनचालक किंवा बेस्टचा वाहक यांना बोलवावे. त्यांना भाषण करता येणार नाही. म्हणून समोर प्रश्न विचारणारा एखादा जाणता तरुण बसवावा आणि सारे बोलणे ध्वनिमुद्रित करून ग्रंथालयात ठेवावे. सभेची वेळ सायंकाळी सहाची असावी. यांतले बरेच जण आता कर्जत, बदलापूर, विरारला राहतात आणि त्यांना रात्रीची परतीची गाडी गाठायची असते.