वाळणार कसं मग?

मागच्या वर्षी पावसाळ्यात माझं उजवं मनगट मोडलं. मोरीत पाय घसरला, सगळा भार हातावर आला आणि सहा आठवड्यांचं प्लास्टर नशिबी आलं. नातेवाइकांना हे माहीत आहेच, बरेच जण भेटूनही गेले. त्यांना माहीत नसलेली गोष्ट आज लिहिते आहे. लिहू की नको, असं चार-पाच दिवस चाललं होतं. मग म्हटलं, ७४व्या वर्षी नाही लिहायचं तर कधी लिहायचं?

तर झालं असं, की हात गळ्यात आल्यावर स्वयंपाकाला बाई मिळाल्या, बाकीचं धुणं मशिनमध्ये जाऊ लागलं. प्रश्न उरला माझ्या ब्राचा. आतले कपडे ज्याचे त्यानं धुवायचे, ही आईची शिकवण. मी रोज आंघोळीच्या वेळी हातानं धुवून टाकते. एका हातानं दोन दिवस प्रयत्न केला, पण डाव्या हाताला साधी बादली कलती करता येईना. तिसऱ्या दिवशी हे मोरीच्या दाराशी आले आणि म्हणाले, "दे इकडे."

माझी काय अवस्था झाली असेल ते बायकांना सांगायला नको! लग्नाला ५० वर्षं झाली तरी हा कपडा मी यांच्या हातात कधी दिला नव्हता. यांनी मात्र काही न बोलता साबणाची वडी घेतली, ब्रश घेतला आणि फरशीवर घासायला सुरुवात केली. मी ओरडले, "अहो, सतरंजी नाही ती!"

मग मी दाराबाहेर स्टूल घेऊन बसले आणि शिकवणी सुरू झाली. आधी हूक लावून घ्या, नाहीतर तो दुसऱ्या कपड्यात अडकतो आणि धागे ओढतो. पाणी साधं किंवा अगदी कोमट. त्यात सौम्य लिक्विड साबण थोडासा, आणि १०-१५ मिनिटं भिजू द्या. ब्रश नको. घाम साचतो तो काखेच्या बाजूला आणि खालच्या पट्ट्यात, तिथे बोटांनी चोळा. मग पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळा, कारण साबण राहिला तर तोही अंगाला खाजतो. पिळायचं नाही. कोरड्या टॉवेलात गुंडाळून दाबायचं, पाणी टॉवेल पितो. कपाला आत फोम असेल तर ओला असतानाच हातानं आकार सारखा करायचा.

"एवढ्याशा कपड्याला एवढी बडदास्त?" हे म्हणाले. प्रश्न बरोबर होता. माझ्या आईच्या काळातली सुती बॉडी सोड्यात उकळली, दगडावर आपटली तरी तिला काही होत नसे. हल्लीच्या ब्रामध्ये ताणणारा धागा असतो. १९५८ साली अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीतल्या जोसेफ शिव्हर्स यांनी तो शोधला, आपण त्याला लायक्रा म्हणून ओळखतो. या धाग्याला कडक गरम पाणी, ब्लीच, इस्त्री काहीच सोसत नाही. तो सैल पडला की ब्रा नुसती अंगावर असते, आधार देत नाही. म्हणून एकच ब्रा रोज धुवून रोज घालू नये. तीन-चार आलटून पालटून वापरल्या की धाग्याला पूर्ववत व्हायला वेळ मिळतो. मशिनमध्ये टाकायचीच असेल तर जाळीच्या पिशवीत, हलक्या धुण्यावर, आणि जीन्सबरोबर तर कधीच नाही.

इथवर हे चांगले विद्यार्थी होते. वाळत घालायची वेळ आली तेव्हा आमचं बिनसलं. यांनी गॅलरीतल्या अगदी बाहेरच्या दोरीवर, समोरच्या इमारतीला सरळ दिसेल अशी, पट्ट्यांना चिमटे लावून ब्रा लटकवली. मी म्हटलं, "पट्ट्याला नका लावू, पाण्याच्या वजनानं पट्टा ताणतो. मधोमध दोरीवर टाका, नाहीतर खालच्या पट्टीला चिमटा लावा. आणि वरून टॉवेल टाका."

"टॉवेल कशाला?"

"दिसतंय ना!"

"अगं, पण मग वाळणार कसं?"

मला उत्तर देता आलं नाही. ३० वर्षं शाळेत मुलांना प्रश्न विचारले, पण हा साधा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता.

लग्न होऊन मी कोकणात सासरी गेले. पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी परसातली दोरी दाखवली आणि सांगितलं, आतले कपडे लुगड्याखाली घालायचे. त्यांनाही त्यांच्या सासूनं तेच सांगितलं असणार. उन्हाळ्यात ते चालून जायचं. पावसाळ्यात मात्र चार महिने तो कपडा लुगड्याच्या घडीखाली दमट राहायचा, त्याला कुबट वास यायचा. शाळेची वेळ झाली की तसाच सर्द अंगात चढवायचा. अंगाच्या उबेनं वाळेल, असं आम्ही म्हणायचो. स्तनांच्या खाली लाल चट्टे उठायचे, रात्र रात्र खाज यायची. पावडर लावायची आणि गप्प बसायचं. पुढे शहरात आल्यावर त्वचेच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं, की बुरशीला ऊब आणि ओल लागते, ती या घडीत आयती मिळते. त्वचा कोरडी ठेवा, कपडे पूर्ण वाळलेले घाला. मलम मी मन लावून लावलं. टॉवेल मात्र दोरीवर तसाच राहिला. मलमानं बरं व्हायचं, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा यायचं.

याहून एक गोष्ट जास्त बोचते. मी मराठीची शिक्षिका, पण बाई रजेवर असल्या की गृहशास्त्राचा तासही घ्यायची. रेशमी कपडा कसा धुवावा, लोकरीचा स्वेटर रिठ्याच्या पाण्यात कसा धुवावा आणि सपाट कसा वाळवावा, हे फळ्यावर आकृत्या काढून शिकवलं. एका पावसाळ्यात नववीतली एक मुलगी बाकावर सारखी चुळबुळ करायची. मी तिला दोनदा सगळ्यांसमोर "नीट बस" म्हणून रागावले. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती आली आणि हळूच म्हणाली, "बाई, आत फार खाजतं." मी तिला पावडर लावायला सांगितलं. तुझे कपडे कुठे वाळतात गं, हे विचारलं नाही. कसं विचारणार? माझेही लुगड्याखालीच वाळत होते. ज्या मुलींच्या घरी स्वेटर नव्हता त्यांनाही मी स्वेटर धुवायला शिकवला, आणि प्रत्येक मुलीला लागणार होतं ते एकीलाही शिकवलं नाही.

म्हणून आज माझं मत स्पष्ट मांडते. ब्राची निगा म्हणजे साबण कोणता आणि पाणी किती, एवढंच नाही. तो कपडा उघड्यावर, वाऱ्यावर, पूर्ण वाळला पाहिजे. बाकी सगळं बरोबर करून शेवटी टॉवेल टाकला तर केलेलं पाण्यात गेलं.

यावर कुणी म्हणेल, बाई, तुम्हाला म्हातारपणी बोलायला काय जातंय? गॅलरी रस्त्यावर आहे, समोर टवाळ पोरं बसतात, आमच्या मुली तरुण आहेत. हे खोटं नाही. चाळीत आणि वसतिगृहात तर दोरीही सामाईक असते. मी काही झेंडा लावा म्हणत नाही. बाहेर जमत नसेल तर घरात, खिडकीशी, पंख्याखाली घाला. पण त्यावर काही टाकू नका आणि दोन कपड्यांत हवा खेळेल एवढं अंतर ठेवा. तसंही ताणणाऱ्या धाग्याला दुपारचं कडक ऊन सोसत नाही, त्याला सावलीतला वाराच बरा. निव्वळ सुती असेल तर ऊन देता येतं. पावसाळ्यात टॉवेलात दाबून पाणी काढलं आणि रात्रभर पंखा दिला की बहुतेक वाळते. फोमवालीला वेळ लागतो, म्हणून त्या दिवसांत साधी सुती घालावी. आणि मुलीला पहिली ब्रा आणून द्याल तेव्हा हे सगळं त्याच दिवशी सांगा. "लपवून वाळत घाल" हे पहिलं वाक्य नको.

मध्यंतरी नातीनं मला इंटरनेटवर वाचून दाखवलं. अमेरिकेतल्या मेरी फेल्प्स जेकब या तरुणीनं दोन रेशमी हातरुमाल आणि एक फीत शिवून ब्रा तयार केली आणि १९१४ साली तिचं पेटंट मिळवलं. मला हसू आलं. रुमाल आपण राजरोस दोरीवर टाकतो, दोन रुमाल जोडले की टॉवेल शोधायला लागतो!

मागच्या पावसाळ्यात मला चट्टे उठले नाहीत. एका वर्षावरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं. हात मोडल्यामुळे मी घरीच होते, धावपळ नव्हती, घामही कमी आला असेल. पण डॉक्टरबाई सांगत होत्या तेच झालं, एवढं खरं. यंदा बघू.

प्लास्टर निघालं, आता मी माझं धुणं पुन्हा स्वतः धुते. बोटं अजून थोडी आखडतात, त्यामुळे वर हात करून चिमटे लावणं जमत नाही. ते काम यांच्याकडेच आहे. पट्ट्याला चिमटा लावायचा नाही, हे त्यांच्या अजून लक्षात राहत नाही. रोज एकदा सांगावं लागतं. टॉवेल मात्र मी आता मागत नाही.

तुमच्या घरी काय पद्धत आहे? कळवा. आणि नातेवाईक मंडळींपैकी कुणाला हे वाचून अवघडल्यासारखं झालं असेल, तर मलाही लिहिताना झालं होतं, एवढंच सांगते.