ग्राहक व्यवहार विभागास : सहा पिनांच्या सॉकेटबद्दल

मा. सचिव,
ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार,
नवी दिल्ली



दुरुस्तीयोग्यता निर्देशांकाचा अहवाल मे 2025 मध्ये आपल्याकडे आला. वस्तू किती सहज खोलता येते, दुरुस्तीची माहिती, सुटे भाग, हत्यारे, स्क्रू आणि सॉफ्टवेअर अपडेट यांवरून गुण द्यायचे, सुरुवात स्मार्टफोन आणि टॅबलेटपासून. चांगलेच आहे. पण तालुक्याच्या गावात माझ्या टेबलावर येतात ते शहरातल्या ऑफिसांनी वापरून काढून टाकलेले ब्रँडेड डेस्कटॉप. आमच्याकडच्या शाळा, पतसंस्था, दाखल्यांची केंद्रे त्यांच्यावरच चालतात.

सध्या समोर आहे तो अशाच एका केंद्रातला. ऐन प्रवेशाच्या दिवसांत, अर्ज भरता भरता बंद पडतो. आधीच्या दुकानात फॉरमॅट मारून झालेला. (आमच्या धंद्यात काही सुचले नाही की फॉरमॅट मारतात. गिऱ्हाइकालाही काहीतरी झाल्यासारखे वाटते.) निळी स्क्रीन येत असती तर आधी ड्रायव्हर, रॅम, डिस्क यांच्यावर संशय घेतला असता. हा मात्र काहीच न सांगता काळा होतो आणि आपोआप पुन्हा चालू होतो. विंडोजच्या नोंदीत ‘कर्नेल-पॉवर 41’, म्हणजे मशीन नीट बंद झाले नाही. ते आम्हीही पाहिलेच होते.

रॅमच्या पट्ट्या काढून खोडरबराने पुसल्या, एकेक लावून रात्रभर मेमटेस्ट चालवली. चूक नाही. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडू झालेली. नवी लावली, तापमान उतरले, तरी बंद पडणे चालूच. मग मल्टीमीटर लावला. 12 व्होल्टची लाइन मशीन निवांत असताना 11.9 दाखवत होती, प्रोसेसरवर भार टाकला की 11.1. डेस्कटॉपच्या भागांसाठीच्या एटीएक्स मानकात पाच टक्क्यांची सूट आहे, म्हणजे 11.4 च्या खाली जाता कामा नये. एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) खोलला तर आतल्या कपॅसिटरांची डोकी फुगलेली.

असेंबल्ड मशीन असते तर कोणत्याही दुकानातला 24 पिनांचा एसएमपीएस बसवून त्याच दिवशी परत दिले असते. एटीएक्स मानक 1995 पासून आहे, त्याचा फायदा तो हाच. इथे बोर्डावर कंपनीचे स्वतःचे सहा पिनांचे सॉकेट, एसएमपीएसचा आकारही निराळा. कोणत्या पिनेवर काय येते हे मॅन्युअलमध्ये नाही. मॉडेल बंद झालेले, त्यामुळे नवा भाग मिळत नाही. उरतो 24 पिनांचा एसएमपीएस जोडून देणारा बिननावाचा कन्व्हर्टर, नाहीतर दुसऱ्या मेलेल्या मशीनमधून काढलेला, तितकाच म्हातारा एसएमपीएस. काही मॉडेलांत तर बाहेरचा पंखा लावला की मशीन सुरू होतानाच अडते आणि दर वेळी एफ1 दाबायला लावते.

आता हेच मशीन आपल्या कसोट्यांवर लावून पाहा. बाजूचे झाकण खटका ओढला की निघते. रॅम, डिस्क, पंखा काढायला स्क्रूड्रायव्हर लागत नाही. खोलण्यात पैकीच्या पैकी! सुटे भागही मॉडेल विकले जात होते तोवर मिळतच असणार. पण जुने मशीन दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आल्यावर बिघडते, आणि तोवर कंपनीचा पुरवठा संपलेला असतो. तेव्हा उपयोगी पडतो तो बाजारात कुठेही मिळणारा, मानकाप्रमाणे बनलेला भाग.

म्हणून विनंती अशी, की डेस्कटॉप निर्देशांकात घ्यावेत आणि ‘प्रमाणित भाग बसतो का’ ही वेगळी कसोटी ठेवावी. एसएमपीएस, पंखा आणि त्यांची सॉकेटे मानकाबाहेरची असतील तर गुण कापावेत. कंपनीला आपलेच सॉकेट हवे असेल तर खुशाल ठेवावे, पण पिनांचा नकाशा मॅन्युअलमध्ये छापण्याचे बंधन असावे. त्यात कुठलेही व्यापारी गुपित फुटत नाही.

केंद्र चालवणाऱ्या ताईंना मी तूर्त मेलेल्या मशीनमधला एसएमपीएस बसवून देतो आहे. बिलावर ‘गॅरंटी नाही’ असे लिहावे लागले.

आपला,
एक संगणक दुरुस्तीवाला