आरोग्यविवेक : हवेविना वाढणारे जंतू

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत किंवा चाकणजवळच्या एखाद्या प्रेस शॉपमध्ये ही गोष्ट कोणत्याही आठवड्यात घडू शकते. पत्र्याच्या कडेचा बर हेल्परच्या तळहातात खोलवर घुसतो. बाहेरून दिसते ती मुगाच्या दाण्याएवढी जखम. रक्त फारसे येत नाही, म्हणून सर्वांनाच हायसे वाटते. थोडी हळद दाबली जाते, वर चिकटपट्टी लागते आणि काम पुढे सुरू होते. तिसऱ्या दिवशी हात सुजतो. चौथ्या दिवशी जखमेला घाण वास येऊ लागतो. पू तपासणीला जातो आणि दोन दिवसांनी अहवाल येतो : ‘जंतूंची वाढ आढळली नाही.’ शेठ निश्चिंत होतात. हाताची सूज मात्र वाढतच राहते.

अशा वेळी अहवाल बहुधा खोटा नसतो आणि हातही खोटे सांगत नसतो. तपासणी ज्या जंतूंसाठी झाली ते जंतू तेथे नव्हते. जे होते त्यांना तपासणीच मानवली नाही. या जंतूंना वैद्यकात विनॉक्सी किंवा अवायुजीवी जंतू म्हणतात. प्राणवायू हे त्यांचे जीवन नसून मरण असते.

त्यांची पहिली ओळख १८६१ साली लुई पाश्चर यांना झाली. लोणी खवट झाल्यावर जे आम्ल तयार होते, त्या आम्लाचे किण्वन घडविणारे जंतू ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. थेंबाच्या मध्यभागी जंतू चपळपणे हलत होते. कडेला, जेथे हवेचा स्पर्श होत होता, तेथे मात्र ते निपचित पडत होते. हवेवाचून जीवन असू शकते, हे त्या एका थेंबाने दाखवून दिले.

हे जंतू दूर कोठे राहतात असेही नाही. हिरड्यांच्या कडा, दातांमधील फटी आणि मोठे आतडे ही त्यांची नित्याची वसतिस्थाने होत. मोठ्या आतड्यात तर प्राणवायूवर जगू शकणाऱ्या जंतूंच्या तुलनेत त्यांची संख्या सुमारे हजारपट असते. तेथे ते निरुपद्रवी असतात, पचनाला साह्यही करतात. अपेंडिक्स फुटले, दाताच्या मुळाशी कीड पोहोचली किंवा बेशुद्धीत लाळ फुप्फुसात उतरली, म्हणजे हेच शेजारी उपद्रवी होतात. दुसरा गट मातीत आणि जनावरांच्या शेणात असतो. त्यातील क्लॉस्ट्रिडियम कुळातील जंतू स्वतःभोवती कठीण कवच करून बीजाणुरूपाने वर्षानुवर्षे पडून राहतात. धनुर्वात आणि वायुकोथ हे त्यांचे रोग. खोल, अरुंद, रक्तपुरवठा तुटलेली जखम हेच त्यांचे आवडते घर. म्हणूनच भळभळा वाहणाऱ्या उघड्या जखमेपेक्षा कधी कधी खिळ्याची बंद जखम अधिक घातक ठरते.

या संसर्गाची शंका केव्हा घ्यावी? सर्वांत ठळक खूण म्हणजे दुर्गंधी. पुवाला सडका, नाक मिटायला लावणारा वास आला तर अवायुजीवी जंतू असण्याची दाट शक्यता असते. वास नसला म्हणून मात्र ते नाहीतच, असे ठरत नाही. दुसरी खूण वायूची : सुजलेल्या भागावर बोट दाबले असता त्वचेखाली बुडबुडे फुटल्यासारखी चरचर जाणवते किंवा क्ष-किरण चित्रात स्नायूंमध्ये हवा दिसते. तिसरी खूण जागेची : तोंड, आतडे, स्त्रियांचे जननमार्ग यांच्या जवळपास झालेले गळू. चौथी, काळे पडलेले मृत मांस. पाचवी, जेंटामायसिनसारखे औषध देऊनही उतार न पडणे; कारण त्या गटातील औषधे जंतूच्या पेशीत शिरण्यासाठी प्राणवायूवर चालणारी यंत्रणा लागते आणि ती या जंतूंपाशी नसतेच. सहावी खूण प्रयोगशाळेतली : पुवाचा रंगवलेला थर सूक्ष्मदर्शकाखाली जंतूंनी भरलेला दिसतो, पण नेहमीच्या संवर्धनात काहीच उगवत नाही.

वासाच्या या खुणेने महाराष्ट्राशी निगडित एका मोठ्या प्रकरणात एका शास्त्रज्ञाची अब्रू राखण्यास हातभार लावला आहे. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस मुंबईत सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे परळच्या प्रयोगशाळेतून तिच्या बाटल्या देशभर जाऊ लागल्या. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस घेतलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व दगावले. ठपका परळच्या प्रयोगशाळेवर व हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना पदावरून दूर व्हावे लागले.

प्रश्न निदानाचाच होता : जंतू बाटलीत केव्हा शिरला? परळला बाटली भरताना की गावात ती उघडताना? बाटली उघडण्यासाठी वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करता वापरला गेला, हे चौकशीत पुढे आले. टोचण्यापूर्वी बाटलीला कसलाही वाईट वास नव्हता, अशीही साक्ष होती. धनुर्वाताचा जंतू बंद बाटलीत आठवडेच्या आठवडे वाढला असता तर त्याची दुर्गंधी लपली नसती, हा रोनाल्ड रॉस प्रभृतींच्या युक्तिवादातील एक महत्त्वाचा धागा ठरला. १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. त्याच परळच्या संस्थेला १९२५ मध्ये त्यांचे नाव दिले गेले. मातीत पडलेल्या एका चिमट्यामुळे १९ जीव गेले, आणि सत्य मान्य व्हायला पाच वर्षे लागली.

आजच्या निदानातही नमुना कसा घेतला, यावर अर्धे यश अवलंबून असते. जखमेवरून कापसाचा बोळा फिरवून घेतलेला नमुना या कामी फारसा उपयोगी नाही. बोळ्यात हवा असते आणि त्वचेवरचे इतर जंतूही त्यात मिसळतात. पू सिरिंजने खोलातून ओढून घ्यावा, सिरिंजमधील हवा बाहेर काढावी आणि तो लगेच हवाबंद वाहक माध्यमात घालून प्रयोगशाळेत पोहोचवावा, किंवा शस्त्रक्रियेत काढलेला ऊतीचा तुकडाच पाठवावा. तो फ्रीजमध्ये ठेवू नये. मागणीपत्रावर ‘अवायुजीवी संवर्धन हवे’ असा स्पष्ट उल्लेख असावा, कारण सर्वच प्रयोगशाळा ही तपासणी नेहमीच्या तपासणीबरोबर करीत नाहीत. थुंकी किंवा घशाचा नमुना या कामी निरुपयोगी. तेथे हे जंतू निरोगी माणसातही असतात. प्रयोगशाळेत नमुना प्राणवायू काढून टाकलेल्या बंद बरणीत वाढवतात, साधारण ४८ तासांपूर्वी ती उघडत नाहीत आणि अंतिम निष्कर्षासाठी पाच ते सात दिवस थांबतात.

जैन वाचकाला येथे स्याद्वादाची आठवण व्हावी. ‘वाढ आढळली नाही’ हे विधान निरपेक्ष घेतले तर ते दिशाभूल करते. ‘या पद्धतीने घेतलेल्या नमुन्यात, हवेच्या सान्निध्यात, इतक्या तासांत वाढ आढळली नाही’ असे सापेक्ष वाचले तर ते पूर्ण खरे असते. एका नयाने सांगितलेले सत्य म्हणजे समग्र सत्य नव्हे, हा अनेकांताचा धडा प्रवचनमंडपाइतकाच रुग्णालयातही लागू पडतो. अहवाल हाती आल्यावर ‘ही तपासणी कोणत्या पद्धतीने झाली?’ एवढा एक प्रश्न डॉक्टरांना नम्रपणे विचारला, तरी कधी एखाद्याचा पाय वाचू शकतो.

दोन रोगांत मात्र अहवालाची वाट पाहणेच चुकीचे ठरते. पहिला वायुकोथ. जखमेनंतर बहुधा एक ते चार दिवसांत, कधी काही तासांतच, दिसणाऱ्या जखमेच्या मानाने असह्य वेदना सुरू होतात. त्वचा आधी फिकट, मग तांबूस-काळसर होते, फोड येतात, नाडी जलद चालते. येथे तास मोजावे लागतात. मृत मांस काढून टाकणारी शस्त्रक्रिया व शिरेतून प्रतिजैविके हाच उपचार. जंतूचे नाव नंतर कळले तरी चालते. दुसरा धनुर्वात. त्याचे निदान प्रयोगशाळेत होत नाही, डॉक्टरांच्या डोळ्यांनीच होते. जबडा उघडेनासा होतो, गिळताना त्रास होतो, मान व पाठ ताठरते, आवाजाने किंवा स्पर्शाने झटके येतात. घशाच्या मागच्या भागाला चपट्या पट्टीने स्पर्श केला असता सामान्य माणसाला उमासा येतो. धनुर्वाताच्या रुग्णाचा जबडा उलट पट्टीवर घट्ट मिटतो. जखम आणि लक्षणे यांत सहसा तीन ते एकवीस दिवसांचे अंतर असते, म्हणून जखम विसरली गेलेली असू शकते.

धनुर्वाताला लस आहे, हे मोठे भाग्य. बालपणीच्या लसी, पुढे दहाव्या व सोळाव्या वर्षी आणि गरोदरपणात दिली जाणारी मात्रा, असा तिचा क्रम आहे. प्राथमिक मात्रा पूर्ण झालेल्या प्रौढाला स्वच्छ, किरकोळ जखमेनंतर शेवटच्या मात्रेला दहा वर्षे उलटली असतील तरच, आणि खोल किंवा मळलेल्या जखमेनंतर पाच वर्षे उलटली असतील तर पुन्हा मात्रा लागते. मात्रांची नोंदच नसेल आणि जखम मळलेली असेल, तर लसीबरोबर तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही द्यावे लागते. दर खरचटण्याला इंजेक्शन घेण्याची गरज नाही, आणि एकदा धनुर्वात होऊन गेला म्हणून पुढे तो होत नाही, हा समजही खोटा आहे. कारखानदाराने प्रत्येक कामगाराच्या हजेरीपत्रकाशेजारी त्याच्या शेवटच्या मात्रेची तारीख लिहून ठेवली, तर अपघाताच्या घाईत अंदाज बांधावा लागत नाही. दूरच्या प्रांतातून आलेल्या मुलाच्या आईला त्याचे काय झाले हे फोनवर सांगण्याची वेळ न येणे, हीच खरी जीवदया.

घरातील दोन गोष्टींकडेही लक्ष हवे. पहिली, मधुमेही वडीलधाऱ्यांचे पाय. दिवसभर गादीवर बसणाऱ्या, तळपायाची संवेदना मंदावलेल्या माणसाला खडा टोचलेला कळत नाही. तेथे अनेक जातींचे जंतू एकत्र वाढतात आणि अवायुजीवी जंतू खोलात दडून राहतात. रोज रात्री सुनेने किंवा नातवाने बा-दादांचे तळपाय उजेडात पाहावेत. मोज्याला वास आला तर तो धुण्याबरोबर कारणही शोधावे. पर्युषणात उपवास करणाऱ्या मधुमेहीने पायाची जखम कोणापासूनही लपवू नये.

दुसरी गोष्ट, कॅप्सूल. तिचे कवच बहुधा प्राणिजन्य जिलेटिनचे असते म्हणून अनेक श्रावक ती गुपचूप बाजूला ठेवतात आणि औषध अर्धवट राहते. व्रत सांभाळायचे असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे. या संसर्गावरील मेट्रोनिडॅझोल गोळीच्या रूपात मिळते आणि इतर औषधांनाही अनेकदा पर्याय निघतो. या मेट्रोनिडॅझोलचा गुणही योगायोगाने कळला : १९६२ मध्ये दुसऱ्याच एका विकारासाठी ते घेणाऱ्या रुग्णाच्या हिरड्यांचा संसर्गही बरा झाल्याचे दिसून आले.

पुणे-नाशिक महामार्गावरून अनवाणी विहार करणाऱ्या साधु-साध्वींच्या पायांचा विचारही याच संदर्भात यायला हवा. काच, तार, पत्र्याचे कात्रण यांनी या पट्ट्यातील रस्त्यांच्या कडा भरलेल्या असतात. वैयावृत्त्य करणाऱ्या श्रावकांनी मुक्कामाला पोहोचताच, सूर्य असतानाच, महाराजसाहेबांच्या पायांची विनयपूर्वक चौकशी करावी. सूर्यास्तानंतर औषध घेतले जात नाही, तेव्हा डॉक्टरांना दुपारीच बोलवावे. जखम अचित्त पाण्याच्या धारेने भरपूर धुतली, तरी निम्मे काम होते. लसीविषयीचा प्रश्न चातुर्मासाच्या स्थिर काळात गुरुआज्ञेने मार्गी लावता येतो.

पिंपरीला या विषयाशी आणखी एक नाते आहे. १९५४ मध्ये येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पुढच्याच वर्षी देशी पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. वायुकोथाच्या उपचारात पेनिसिलिन आजही आधाराचे औषध आहे. यंत्रांची ही नगरी बहरण्यापूर्वीच जखमेवरचे औषध या मातीत तयार होऊ लागले होते. पण औषध जवळ असणे आणि जखम वेळेत ओळखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चालताना, बसताना, वस्तू उचलताना यतना पाळावी, ही शिकवण जैन घरात लहानपणीच मिळते. दुकानात, वर्कशॉपमध्ये लहान दिसणाऱ्या जखमेकडे त्याच यतनेने पाहिले, ती उघडी करून धुतली, तिचा वास घेतला आणि तिची तारीख लक्षात ठेवली, तर तळहातातील तो मुगाएवढा छेद तेवढाच राहून बरा होतो.