टाऊन हॉल आधी बाहेरून दाखवा



कोल्हापूरची सहल म्हटली की टाऊन हॉल म्युझियम ठरलेलंच. मुलं रांगेने आत जातात, ब्रह्मपुरीच्या उत्खननातल्या वस्तू बघतात आणि बागेत येऊन डबा खातात. पण हे संग्रहालय ज्या इमारतीत आहे, तिच्याकडे कुणी बघतच नाही. माझं स्पष्ट मत आहे, पहिला अर्धा तास इमारतीलाच द्या.

मुलांना दारासमोर नको, इमारतीच्या कोपऱ्यावर उभं करा. समोरून एकच बाजू दिसते, कोपऱ्यावरून दोन दिसतात आणि आकार कळतो. मग प्रश्न विचारा. दगड कोणता? काळा, आपल्याकडचाच बेसाल्ट. कमान गोल की टोकदार? कमानीचा भार कुठे जातो? डावी-उजवी बाजू सारखी आहे का? बघा, भूमिती आणि परिसर अभ्यास एकदमच झाला!

टाऊन हॉल १८७२ ते १८७६ या काळात बांधला गेला. वास्तुविशारद चार्ल्स मँट. शैली गॉथिक, म्हणजे युरोपातल्या जुन्या चर्चसारखी. याच मँट यांनी नवीन राजवाड्याचा आराखडाही केला. तो १८८४ मध्ये पूर्ण झाला, त्याआधीच १८८१ मध्ये मँट वारले होते. तिथे मात्र घुमट, छत्र्या आणि देवळासारखे कोरीव खांब दिसतात. माणूस एकच, मग इमारती इतक्या वेगळ्या का? चौथीची मुलंसुद्धा यावर छान भांडतात. भांडू द्या.

काही जण म्हणतील, अभ्यासक्रम कधी संपवायचा? त्यांना मी केशवराव भोसले नाट्यगृहाची आठवण करून देईन. १९१५ साली शाहू महाराजांच्या काळात पॅलेस थिएटर म्हणून ते सुरू झालं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते आगीत सापडलं. सगळं कोल्हापूर हळहळलं. पण आतली रचना कशी होती, हे किती मुलांना सांगता आलं असतं? ज्या वास्तूशी ओळखच नाही, ती जपावी असं मुलांना कसं वाटेल?

म्हणून या रविवारी पालकांनी एवढंच करावं. गल्लीतला एखादा जुना वाडा किंवा चौकातली कोपऱ्यावरची इमारत मुलाला दाखवा आणि तिथेच उभं राहून तिचं चित्र काढू द्या. सोमवारी ती चित्रं वर्गात लावू.