गावजेवणाआधीची पंगत

नवे सॉफ्टवेअर आणायचे तर एकाच दिवशी, वाजतगाजत, सगळ्यांसाठी खुले करावे, असे ठासून सांगणारे पुष्कळ आहेत. त्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नाही. बातमी एकदाच होते, आणि गुपचूप काम करत बसलात तर दुसरा कुणी कल्पना उचलेल, ही धास्ती असतेच.

पण ‘कलर’चे काय झाले? मार्च २०११मध्ये हे फोटोंचे अ‍ॅप अमेरिकेत आले तेव्हा त्याच्या गाठीशी ४ कोटी १० लाख डॉलर होते. चर्चा तर विचारूच नका. आसपासच्या माणसांनी काढलेले फोटो एकमेकांना आपोआप दिसावेत, अशी योजना. लोकांनी हौसेने उघडले, तर आसपास ते वापरणारे दुसरे कुणीच नाही! २०१२ संपता संपता अ‍ॅपही संपले. गाजावाजाने माणसे जमवली, पण एका जागी नव्हे.

मग दार किलकिले ठेवून निमंत्रणे वाटावीत? हा दुसरा मंत्रही मला सरसकट मान्य नाही. जीमेल १ एप्रिल २००४ला निमंत्रणावरच सुरू झाले आणि पुढे फोफावले. तीच युक्ती गूगलने २००९मध्ये ‘वेव्ह’ला लावली, पुढच्याच वर्षी त्याचे काम थांबवल्याचे जाहीर करावे लागले. वेव्ह समजायला अवघड होते, हे खरेच. पण जीमेल एकट्याला मिळाले तरी भागत होते, कारण त्यावरून याहूवाल्यालाही पत्र जाई. वेव्ह होते चौघांनी मिळून काम करण्यासाठी, आणि निमंत्रण यायचे चौघांतल्या एखाद्याला. बाकीचे तिघे आपले जुन्या ईमेलवरच.

म्हणून किती जणांना बोलवायचे, हे मागाहून ठरवावे. पूर्ण पंगत कितीची, म्हणजे किती जण एकत्र असले की वस्तू उपयोगी पडते, ते आधी. पैसे स्वीकारण्याची सोय देणाऱ्या ‘स्ट्राइप’ची पंगत एकाच दुकानाची होती; म्हणून तिचे संस्थापक कॉलिसन बंधू गिऱ्हाइकाचा लॅपटॉप मागून घेऊन तिथल्या तिथे जोडणी करून देत. फेसबुकची पंगत म्हणजे एक अख्खे विद्यापीठ: फेब्रुवारी २००४मध्ये फक्त हार्वर्ड, मग एकेक करून इतर.

आणि कल्पना उचलली जाण्याची ती धास्ती? फेसबुक निघाले तेव्हा फ्रेंडस्टर आणि मायस्पेस ही तसलीच संकेतस्थळे आधीपासूनच बाजारात होती. तरीही फेसबुकने सर्वांसाठी दार उघडले ते सप्टेंबर २००६मध्ये.