ओव्याची धुरी आणि मधाची पेटी

गेल्या दिवाळीत सासुरवाडीला, खानापूरकडे गेलो होतो. मेहुण्याने परसात पाच मधपेट्या ठेवल्या आहेत, मेलिफेरा म्हणजे इटालियन मधमाश्यांच्या. (आजीचे ‘जेनुतुप्प’ हा तुपाचाच एक प्रकार, असे आमच्या धाकट्याला अजून वाटते!) एका पेटीसमोर पंख चुरगळलेल्या माश्या जमिनीवर सरपटत होत्या. नर माशीचे झाकलेले घर फोडले, तर आतल्या पिलाला राजगिऱ्याएवढा तांबूस किडा चिकटलेला. आमच्या कॉलेजातील प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्यांना फोन लावला. ते म्हणाले, “व्हरोआ. गोचिडीच्या नात्यातला.”

मेहुणा कुत्र्याच्या गोचिडीचे औषध आणायला निघालाच होता. अशा औषधांपैकी काही मेणात साठून राहतात, आणि त्या पेटीतला मध रोज सकाळी सासूबाई घेतात. त्याला थांबवले.

सासूबाईंचा उपाय तयारच होता, ओमकाळू! बाळाला सर्दी झाली की ओव्याची धुरी देतात, तशी माश्यांना द्यायची. मी हसणार होतो, पण सहकारी हसले नाहीत. ओव्यातले थायमॉल या किडीवर जगभर वापरतात. मात्र मूठभर ओव्याच्या धुरीतून ते पुरेसे मिळत नाही. ‘ओव्याचे फूल’ म्हणतात ते पांढरे खडे म्हणजे थायमॉल. त्याची वाफ पेटीत हळूहळू पसरावी लागते. थंडी फार असली तर वाफ होत नाही, ऊन फार असले तर माश्याच पेटी सोडतात. म्हणजे आपल्याकडे पावसाळा सरल्यावरचे दिवस बरे, तेही मधकोठी उतरवून. नाहीतर मधालाच ओव्याचा वास. मुंग्यांच्या दंशातले फॉर्मिक आम्लही चालते, पण मात्रा चुकली तर राणी जाते. नैसर्गिक म्हणून निरुपद्रवी, हा आपला लाडका गैरसमज.

मला खरे पटले ते बिनऔषधाचे काम. ही कीड नराच्या घरात जास्त शिरते, कारण नर तयार व्हायला कामकरी माशीपेक्षा तीन दिवस जास्त लागतात. तेवढी तिची वीण वाढते. म्हणून नरांची घरे झाकली गेली, की पिले बाहेर पडण्याआधीच पोळ्याचा तो तुकडा कापून काढायचा. मेहुण्याला जिवावर आले, पण कापला.

गंमत अशी, की आपल्या जंगलातल्या सातेरी माशीला हे सारे आधीपासून येते. ही कीड मुळात तिचीच. ती एकमेकींच्या अंगावरून किडे काढते, किडलेली कामकरी पिले बाहेर टाकते आणि नराच्या घराबाहेर किडीची वीण फारशी होऊ देत नाही. मध मात्र कमी देते, आणि रुसली की पेटी सोडून जाते.

मोजणीसाठी पिठीसाखर. अर्धी वाटी, म्हणजे सुमारे तीनशे माश्या, जाळीच्या झाकणाच्या बरणीत घालायच्या, साखर टाकून हलवायचे. किडे सुटून जाळीतून खाली पडतात, माश्या जिवंत परत पेटीत. शंभरामागे दोन-तीन किडे निघाले तरी हात हलवायला हवा. दिवाळीत त्या पेटीत एकवीस निघाले होते. संक्रांतीला मेहुण्याचा फोन आला, “भावा, पाच!” सासूबाई मागून ओरडून सांगत होत्या, हे माझ्या ओव्यामुळेच.